नाशिकमधलं एक स्पीच थेरपी केंद्र: फी, फाइल आणि आईला आत बसवणारी खोली

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतल्या या केंद्राला फोन करून फी विचारली, तर फी सांगण्याआधी उलटा प्रश्न येतो : "कानाची तपासणी झालीये का? झाली असेल तर रिपोर्ट घेऊन या, नसेल तर आधी ती करून घ्या." बरेच पालक इथेच नाराज होतात. टीव्हीवर जाहिरात लागली की पोरगा दुसऱ्या खोलीतून पळत येतो, त्याच्या कानाला काय झालंय? पण जाहिरातीचं संगीत ऐकू येणं वेगळं आणि स, श, फ यांसारखे बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येणं वेगळं. हेच आवाज हुकत असतील तर मुलाला बोलणं ऐकू येतं, पण शब्द अर्धवट पोचतो. मग ते अर्धवटच परत येतं. कानाचा कागद न मागता थेट 'उद्यापासून सुरू करू' म्हणणाऱ्या ठिकाणांपेक्षा हे केंद्र पहिल्याच फोनला पुढे जातं.

केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही. या धंद्यात पाटी तीच राहते आणि आतली थेरपिस्ट बदलते. ती बदलली की केंद्रच बदलतं. त्यामुळे हे परीक्षण कामाचं आहे, पाटीचं नाही. कुठल्याही केंद्रात गेल्यावर ताडून पाहता येईल असंच इथे लिहिलं आहे.

तपासणीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गोंधळ इथेच सगळ्यात जास्त होतो. ओएई ही दोन-चार मिनिटांची चाचणी. कानात छोटी नळी ठेवतात आणि आतल्या कानाच्या पेशी आवाजाला प्रतिसाद देतात का ते यंत्र पाहतं. बेरा या दुसऱ्या चाचणीत आवाज कानातून नसेवाटे मेंदूकडे जातो का हे पाहतात, आणि त्यासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं. ओएई 'पास' आली म्हणजे सगळं ठीक असं धरून चालत नाही. पेशी चांगल्या, पण नसेत दोष, अशीही मुलं असतात आणि ती बेरातच सापडतात. बेराच्या दिवशी मुलाला पहाटे लवकर उठवा, गाडीत झोपू देऊ नका. आणि डोक्याला तेल चोपडून नेऊ नका, कारण कपाळावर आणि कानामागे चिकटवायचे इलेक्ट्रोड तेलावर टिकत नाहीत आणि आख्खी दुपार वाया जाते. सर्दी असेल तर तारीख पुढे ढकललेली बरी. पडद्यामागे पाणी साचलं असेल तर रिपोर्ट उगाच वाईट येतो आणि घरी रडारड होते. खरं तर हे सगळं जन्मानंतर लगेच व्हायला हवं. जगभर मानला जाणारा हिशेब असा : पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू.

आता फी. मूल्यमापनाचे ₹१,५००, दोन भेटींत मिळून. त्यानंतर एका सत्राचे ₹६००. सत्र ४५ मिनिटांचं, आठवड्यातून दोनदा. महिन्याला साधारण आठ सत्रं धरली तर ₹४,८००. पॅकेज नाही, आगाऊ पैसे नाहीत. आदल्या संध्याकाळपर्यंत कळवलं तर बुडालेल्या सत्राचे पैसे घेत नाहीत. पावतीवर थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो, ही गोष्ट दिसायला बारीक पण कामाची. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय हे काम करता येत नाही. हा सीआरआर क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. भिंतीवरच्या प्रमाणपत्रात पदवी कोणती तेही वाचावं. बीएएसएलपी ही श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची पदवी, म्हणजे तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. डीएचएलएस हा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. तो झालेली माणसं उत्तम मदतनीस असतात, पण मूल्यमापन करून उपचाराची दिशा ठरवणं हे त्यांचं काम नाही. या केंद्रात डिप्लोमावाल्या एक ताई आहेत, त्या सराव घेतात आणि थेरपिस्ट दर चौथ्या सत्राला शेजारी बसते. हे त्यांनी पहिल्या दिवशीच उघड सांगितलं. गंमत अशी की मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयातून बीएएसएलपी करणाऱ्यांना ती पदवी देणारं, १९९८ मध्ये स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे, आणि तरी पेठ-सुरगाण्याच्या माणसाला चांगली थेरपिस्ट गाठायला अख्खा दिवस मोडावा लागतो.

मूल्यमापन कसं केलं जातं यावर आमचा सगळ्यात जास्त भर असतो, कारण पुढचे सहा महिने त्यावर उभे राहतात. पहिल्या भेटीत आईवडिलांशी तासभर बोलणं. प्रश्न नेमके होते. 'बोलतो का?' असं कोणी विचारलं नाही. विचारलं ते असं : हवं ते दाखवायला बोट करतो की तुमचा हात ओढून नेतो? विमान गेलं की तुमच्याकडे वळून बघतो का? नावाने हाक मारली की दहापैकी किती वेळा वळतो? 'चप्पल आण' हे हाताने न दाखवता सांगितलं तर आणतो का? मग शब्दांची यादी. 'तो काहीच बोलत नाही' असं म्हणणाऱ्या आईकडून थेरपिस्टने दहा मिनिटांत नऊ शब्द काढले : मम्म, भूर, चिऊ, काऊ, हम्मा, भू, टाटा, आई, 'ना'. बाळबोलीतला शब्द हा शब्दच असतो. मूल दर वेळी तोच आवाज त्याच गोष्टीसाठी काढत असेल तर तो मोजायचा. 'भूर' न मोजता 'शून्य शब्द' असं लिहिणारा रिपोर्ट मराठी घर न ओळखणाऱ्या माणसाने लिहिलेला असतो.

दुसऱ्या भेटीत मुलाबरोबर जमिनीवर बसून खेळ. टेबल-खुर्ची नाही. शेवटी जो रिपोर्ट मिळाला त्यात समजण्याचं वय आणि बोलण्याचं वय वेगवेगळं लिहिलेलं होतं. हे फार महत्त्वाचं. दोन वर्षं दहा महिन्यांच्या मुलाला सव्वादोन वर्षांइतकं समजत असेल आणि बोलणं मात्र वर्षाच्या आसपास असेल तर चित्र एक. दोन्ही वर्षाच्या आसपास अडकलेली असतील तर चित्र वेगळं, आणि मग बालरोगतज्ज्ञ किंवा विकासतज्ज्ञाकडे पाठवणं आलंच. वर्षाच्या आत बडबड किंवा बोट दाखवणं, टाटा करणं सुरू न होणं, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणं, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडून न बोलणं, आणि कुठल्याही वयात आलेली भाषा जाणं, ही थांबून बघण्याची लक्षणं नाहीत. 'याचे काकापण चार वर्षांनी बोलले' हे वाक्य नाशिकच्या प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतं. काकांचं नशीब.

तक्रार एक : रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत. समजावून मराठीत सांगतात, छान सांगतात, पण घरी सासूबाईंना, गावी आजोबांना दाखवायला कागद हवा असतो. अर्ध्या पानाचा मराठी सारांश देणं अवघड नाही.

आता प्रत्यक्ष सत्र. या केंद्रात आई, बाबा, आजी, जो मुलाबरोबर दिवसभर असतो तो खोलीत आत बसतो. कोपऱ्यात फोन बघत नाही, चटईवर बसतो. आठवड्यात मूल जागं असण्याचे ऐंशीएक तास असतात, केंद्रात त्यातला दीड तास जातो. उरलेले तास घरातले. त्यामुळे शिकवायचं मुख्यतः घरच्या माणसाला. इथलं काम कसं चालतं ते एका बाटलीवरून दाखवता येईल.

साबणाच्या फुग्यांची वीस रुपयांची बाटली. थेरपिस्टने एकदा फुगे उडवले, झाकण घट्ट बंद केलं आणि बाटली मुलाच्या हातात दिली. मुलाने ओढून पाहिलं, उघडेना. त्याने बाटली परत तिच्या हातात कोंबली. इथे आई पुढे सरसावली : "बोल, उघड बोल. बोल ना राजा. उघड. बोल, मग देईल मॅडम." थेरपिस्टने हाताने तिला थांबवलं आणि मनात पाचपर्यंत मोजलं. चेहरा मुलाच्या पातळीवर, भुवया उंचावलेल्या, तोंड बंद. तिसऱ्या-चौथ्या अंकाला मुलाने तिच्याकडे वर पाहिलं आणि 'उ' असा आवाज काढला. तेवढ्यावर तिने "उघड!" एकदाच, ठसठशीत म्हटलं आणि लगेच उघडलं. एकच फुंकर. परत झाकण बंद. दहा मिनिटांत असं वीसेक वेळा झालं.

यात चार जागी चूक होते. पहिली, 'बोल' हा शब्दच मधे येतो आणि मूल पुढे 'उघड बोल' असं म्हणायला शिकतं. दुसरी, न थांबणं. मोठ्यांना दोन सेकंदांची शांतता सहन होत नाही, आणि उशिरा बोलणाऱ्या मुलाला आवाज जुळवायला तेवढा तरी वेळ लागतोच. तिसरी, पूर्ण शब्द आल्याशिवाय द्यायचंच नाही असा हट्ट. मूल चिडतं, बाटली फेकतं आणि सत्र रडण्यात जातं. सुरुवातीला नजर, हात, अर्धा आवाज, सगळं चालतं. चौथी, बाटली मुलाकडेच उघडी राहू देणं. मग त्याला कुणाला काही सांगायची गरजच उरत नाही.

त्यानंतर आईला पाच मिनिटं खेळू दिलं आणि बाबांना कागदावर रेघा मारायला सांगितल्या : प्रत्येक प्रश्नाला एक रेघ. 'हे काय आहे? कोणता रंग? गाय कशी ओरडते? किती आहेत?' पाच मिनिटांत पंचवीस-तीस रेघा सहज होतात. प्रश्न म्हणजे परीक्षा, आणि ज्याला उत्तर येत नाही ते मूल परीक्षेपासून पळतं. त्याऐवजी मूल करतंय तेच बोलायचं : "गाडी चालली. घुर्रर्र. पडली! अरे, पडली." मूल 'गाडी' म्हणालं तर आपण एक शब्द वाढवून परत द्यायचा, 'गाडी पडली'. एकच शब्द वाढवायचा, पूर्ण वाक्य नाही.

घरी न्यायला अर्ध्या पानाचा कागद मिळतो. त्यावर तीन शब्द आणि तीन जागा. आम्ही पाहिलेल्या कागदावर 'दे, उघड, संपलं' होतं, आणि जागा : नाश्ता, आंघोळ, फाटकातून बाहेर पडताना. पोळी अख्खी द्यायची नाही, घास-घास द्यायची. शब्द निवडण्यात शहाणपण आहे. क्रियापदाचं आज्ञार्थी रूप मराठीत सगळ्यात आखूड असतं : दे, घे, ये, जा, बस. मागे-पुढे काही लागत नाही आणि बोललं की लगेच काहीतरी घडतं. उलट कॉलेज रोडच्या खेळण्यांच्या दुकानातून आणलेल्या कार्डांवरून 'एलिफंट, ऑक्टोपस, हेक्सागॉन' पाठ झालेली मुलं येतात, त्यांना पाणी मागता येत नाही. नावं सांगणं म्हणजे बोलणं नव्हे.

भाषा कोणती हा प्रश्न निघतोच. शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून घरी इंग्रजीच बोला असा सल्ला काही ठिकाणी सर्रास दिला जातो. या केंद्रात तो दिला नाही, उलट खोडला. दोन भाषा ऐकल्याने मूल उशिरा बोलतं याला आधार नाही. आईला ज्या भाषेत रागावता, लाडावता आणि गोष्ट सांगता येते तीच भाषा घरी हवी. मोडक्या इंग्रजीत मुलाला मिळतं काय, तर 'कम, सिट, ईट, नो' ही चार हुकूमवजा वाक्यं.

याच्याच पुढची गोष्ट अहिराणीची, आणि इथे थेरपिस्टची खरी परीक्षा झाली. सटाणा, कळवण, मालेगाव भागातून येणाऱ्या घरांत ळ चा य होतो. डोळ्याला 'डोया', काळ्याला 'काया', केळ्याला 'केया'. पाणी हे 'पानी'. चार वर्षांची मुलगी 'डोया' म्हणते तेव्हा प्रमाण मराठीची चाचणी लावली तर ळ आणि ण दोन्हीवर चुकीची फुली बसते, आणि नसलेल्या दोषावर दहा सत्रं खर्च होतात. थेरपिस्टने आधी आजीला बोलतं केलं, आजीचा 'डोया' ऐकला आणि ती ओळ कोरी सोडली. त्याच मुलीचा 'काका' हा 'ताता' होत होता, 'गाडी' ही 'दाडी'. आजी मात्र 'काका'च म्हणत होती. म्हणजे दोष इथे आहे.

असाच घोळ च चा. मराठीत 'चार'मधला च वेगळा आणि 'चाक'मधला वेगळा. 'चाक'मधला च दंततालव्य, म्हणजे जीभ दातांमागे लावून 'त्स'च्या जवळचा, म्हणणारं मूल बरोबर आहे. पण हिंदी वर्णमालेचे तक्ते वापरून शिकवलं की कुणीतरी ते 'सुधारायला' घेतं. केंद्रातल्या चित्रकार्डांचे निम्मे गठ्ठे हिंदी-इंग्रजी छपाईचेच आहेत, ही तक्रार दोन. थेरपिस्ट वरचे शब्द बोटाने झाकून चालवून नेते, पण मदतनीस ताई कधी कधी 'सेब' म्हणून मोकळ्या होतात.

उच्चारांच्या कामात त्यांची पद्धत काटेकोर वाटली. क-ग चार वर्षांपर्यंत बसायला हवेत, र, ळ, स-श यांना पाच-सहापर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून साडेतीन वर्षांच्या मुलाचा 'लाम' ऐकून त्यांनी काम सुरू केलं नाही, सहा महिन्यांनी या म्हणून परत पाठवलं. पैसे सोडून देणारं केंद्र विरळा. 'त'चा 'क' करायला मुलाला पाठीवर झोपवतात, कारण त्या स्थितीत जीभ आपोआप मागे जाते. मग गुळणीचा आवाज, गुळणीवरून 'क्'. जिभेचं टोक वर जायला लागलं तर आइस्क्रीमच्या काडीने खालच्या दातांमागे हलकेच दाबून ठेवायचं. सुटा आवाज आला की 'का, की, कू', मग शब्दाच्या सुरुवातीला, मग शेवटी, मग मधे, मग दोन शब्द, मग वाक्य, आणि शेवटी गप्पा. वीस प्रयत्नांत सोळा बरोबर आल्याशिवाय पायरी चढत नाहीत. वहीत बरोबर-चूक अशा खुणा असतात आणि त्या पालकांना बघता येतात.

एकाच आवाजाचा फरक असलेल्या शब्दांच्या जोड्यांची कार्डं त्यांनी स्वतः काढलेली आहेत आणि ती सुरेख आहेत. 'कार' आणि 'तार'. 'गार' आणि 'दार'. गार म्हणजे पावसात पडते ती. द्राक्षाच्या पट्ट्यातल्या निफाड-दिंडोरीच्या मुलाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मूल म्हणतं 'दार पडली', थेरपिस्ट गंभीर चेहऱ्याने दाराचं कार्ड जमिनीवर टाकते, मूल चिडून 'नाही, ग्गार!' म्हणतं. हा आवाज शंभर वेळा 'ग म्हण' सांगून आला नसता. घरी मात्र एकच नियम : दिवसातून पाच मिनिटं सराव, तेवढ्यातच सुधारायचं. जेवताना, पाहुण्यांसमोर 'नीट बोल' म्हटलं की मूल बोलायचंच टाळतं. सराव बिघडतो तो याच कारणाने. दुसरं कारण म्हणजे घाई. शब्दात क बसतो न बसतो तोच पालक वाक्यं म्हणवून घेतात आणि जुना त परत येतो.

तुलनेसाठी इंदिरानगर भागातलं दुसरं एक केंद्र पाहिलं. तेही बिननावाचंच राहू दे. तिथे आईने बाहेर बसायचं, दार बंद. पंचेचाळीस मिनिटांतली दहा मिनिटं बूट काढण्यात आणि गाण्यात, पंधरा मिनिटं शिट्टी फुंकणं, स्ट्रॉने पाणी ओढणं, गालांवर कंप पावणारा ब्रश फिरवणं. 'तोंडाचे स्नायू मजबूत झाले की बोलेल.' याने बोलणं येतं असा पुरावा नाही. बोलायला लागते ती ताकद फार थोडी, लागतो तो अचूक आणि वेगवान मेळ, आणि तो बोलण्याच्याच सरावाने येतो. जे मूल पोळी चावून खातं त्याचे स्नायू 'बोलण्याइतके' पुरेसे असतात. लाळ, गिळणं, चावणं यांची अडचण असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ते उपचारही वेगळे. चोवीस सत्रांचं पॅकेज आगाऊ, परतावा नाही, आणि 'सहा महिन्यांत बोलायला लागेल' अशी तोंडी हमी. हमी देणारी थेरपिस्ट दिसली की उठावं. तिथल्या फाइलमध्ये तीन महिन्यांच्या नोंदी 'सत्र चांगलं झालं' एवढ्याच होत्या. जीभ अडकलीय म्हणून टाका, म्हणजे जिभेखालचा पातळ पडदा, कापून घ्या हा सल्लाही तिथे ऐकला. आखूड टाक्यामुळे दूध ओढायला त्रास होऊ शकतो, काही उच्चार अडखळू शकतात, पण शब्दच न येणं त्यामुळे होत नाही. मधात वेखंड उगाळून जिभेला लावण्याबद्दलही एक शब्द : वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, बोट्युलिझमचा धोका असतो.

पहिल्या केंद्राकडे परत. ऐकण्याची यंत्रं लावणाऱ्या मुलांसाठी इथे सत्राआधी सहा आवाज तपासतात : आ, ई, ऊ, म, स, श. थेरपिस्ट मुलाच्या मागे बसते, ओठ दिसू देत नाही, आवाज ऐकू आला की मूल डब्यात ठोकळा टाकतं. काल 'स' येत होता आणि आज येत नाही, तर कारण बॅटरी, साचा (यंत्राचा कानात बसणारा भाग) किंवा सर्दी. आईने हे रोज सकाळी घरी करायचं, एक मिनिट लागतं. पावसाळ्यात नाशिकची हवा ओली असते, नळीत थेंब धरतात, म्हणून रात्री यंत्र बॅटरी काढून सिलिका जेलच्या हवाबंद डबीत ठेवायला सांगतात. कान वाढतो तसा साचा सैल होतो आणि शिट्टी वाजू लागते. लहान मुलांत दर तीन ते सहा महिन्यांनी नवा साचा लागतो, आणि आवाज कमी करून ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

न बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रांची देवाणघेवाण, म्हणजे हवी ती वस्तू तिचं चित्र हातात देऊन मागणं, इथे करतात, पण सुरू करायला उशीर करतात, ही तक्रार तीन. आधी सहा महिने बोलण्याची वाट पाहायची आणि मग कार्डं, हे जुनं झालं. चित्र दिल्याने मूल बोलणं सोडतं ही भीती खरी ठरलेली नाही. मागणं जमू लागलं की चिडचिड कमी होते आणि पुष्कळदा आवाजही वाढतो. पद्धत मात्र बरोबर आहे : पहिल्या पायरीला दोन मोठी माणसं, एक समोर बिस्किट घेऊन, एक मुलाच्या मागे, आणि मागचा माणूस गप्प राहून हात पुढे करवतो. एकट्याने केलं की मूल समोरच्याने हात धरण्याची वाट बघायला शिकतं. फोनवर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत ॲप दाखवतात. त्यात मराठी आवाज आहे.

मोबाइलबद्दल प्रवचन देत नाहीत. फॉर्मवर तास विचारतात आणि भारतीय बालरोग अकादमीचा २०२१ चा हिशेब सांगतात : दोन वर्षांखाली व्हिडिओ कॉल सोडून स्क्रीन नाही, दोन ते पाच वर्षांत दिवसाला फार तर एक तास. फोन बंद केल्याने बोलायला माणूस आणि वेळ मिळतो, तेवढंच. ऑटिझम फोनमुळे होतो आणि फोन काढला की जातो, हे व्हॉट्सॲपवरचं शास्त्र आहे.

तोतरेपणासाठी जाणार असाल तर एवढंच : लहान मुलाला 'सावकाश बोल, श्वास घे' म्हणू नका. अडखळणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं, घरात कुणाला आहे, किंवा डोळे मिटणं, मान झटकणं सुरू झालं, तर वाट न बघता वेळ घ्या.

₹४,८०० परवडत नसतील तर त्र्यंबक रस्त्यावरच्या सिव्हिलमध्ये जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे डीईआयसीची चौकशी करा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा पथक येतं, त्यांची चिठ्ठी असेल तर काम सोपं होतं. तपासणी आणि उपचार मोफत असतात, पण गर्दीत सत्र छोटं होतं. म्हणून लांबून येणाऱ्याने दर आठवड्याऐवजी महिन्याचा घरचा आराखडा लिहून मागावा आणि पुढच्या वेळी जाताना दोन मिनिटांचा घरचा व्हिडिओ न्यावा : जेवताना किंवा खेळताना काढलेला, 'बोल बोल' न म्हणता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगत्व, श्रवणदोष आणि स्वमग्नता हे तिन्ही वेगवेगळे धरलेले आहेत, त्यामुळे यूडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या अर्जात नेमका प्रकार लिहिला गेला का ते खिडकीवरच बघून घ्या. नंतर बदलायला फेऱ्या पडतात.

राहिलेल्या किरकोळ गोष्टी. गंगापूर रोडच्या केंद्राच्या दोन खोल्यांमधली भिंत प्लायवूडची आहे, शेजारच्या खोलीतला ढोल ऐकू येतो, आणि ऐकण्याचं काम करणाऱ्या मुलाला ते अवघड जातं. यंत्रवाल्या मुलांनी आतली खोली मागून घ्यावी. शनिवारी ४५ मिनिटांची ३५ होतात. दुपारी दोन ते चारच्या वेळा नेहमी मोकळ्या असतात आणि फोनवर त्याच आधी देऊ करतात. त्या घेऊ नका, तीन वर्षांचं मूल तेव्हा पेंगलेलं असतं. सकाळी दहा-साडेदहाची वेळ मागा, मिळेपर्यंत थांबा, आणि येताना मुलाला भरपेट खाऊ घालून आणू नका. पोळीच्या तुकड्यावर 'दे' शिकायचं तर पोटात थोडी जागा लागते.